प्रभूले विचारून राहिली

धरमपेठेत आमच्या गल्लीत राहणाऱ्या सिस्टरचा आवाज आधी यायचा, सायकल मागून. मिशनच्या दवाखान्यात ती हेड नर्स होती. रस्त्यात कुणी बिडी ओढताना दिसला, की सायकल थांबवून झापायची. सुई टोचण्याआधी मात्र क्षणभर डोळे मिटायची. आईनं एकदा विचारलं, "काहून वं सिस्टर, विसरली का काही?"

"विसरली नाही, प्रभूले विचारून राहिली. हात माहा, काम त्याचं."

पुढे माझे वडील तिच्याच वॉर्डात होते. उलट्यांनी ते पार सुकले होते आणि सलाइन लावायला शीर सापडत नव्हती. तिची सुई दोनदा चुकली. मी घाबरलो. तिनं डोळे मिटले, या वेळी बराच वेळ. मग वॉर्डभर ऐकू जाईल अशी म्हणाली, "माह्याच्यानं होऊन नाही राहिलं." आणि सकाळी जिला सगळ्यांसमोर रडवलं होतं, त्या नव्या नर्सच्या हातात सुई दिली.

"सिस्टर, मी?"

"हो, तूच. मी टॉर्च धरते."

शीर सापडली. थेंब पडू लागले. ती पोरगी भरल्या डोळ्यांनी सिस्टरकडे बघत राहिली.

"माह्याकडे काय पाहून राहिली वं? वर पाह्य अन् थँक्यू म्हण!"

पोरीनं घाबरून वर टांगलेल्या सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं आणि हात जोडून "थँक्यू" म्हणाली.

सिस्टरनं कुणाची चूक काढली नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.