जुन्नरच्या वेशीवर थांबलेली शर्यत

माझी शाळा दुसरीतच सुटली. तळेघरच्या वरच्या अंगाला आमचं घर, शाळा ओढ्यापलीकडं, आणि पावसाळ्यात ओढा उतरू द्यायचा नाही. पुढं वडील खोकल्यानं गेले आणि त्यांची टपालाची पिशवी माझ्या खांद्यावर आली. घोडेगावाहून डिंभ्यावरून वर तळेघरापर्यंत टपाल पळत न्यायचं, हे काम. हातात घुंगरं बांधलेली काठी. तिच्या आवाजानं जनावर बाजूला व्हायचं आणि माणूसही. आज इथं कराचीत बसून चार ओळी लिहितो आहे, त्या लिहिण्याइतकी अक्षरं मला जुन्नरच्या चाचांनी दिली. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की काळजीच वाटते. काही राहून गेलं तर? पण लिहिलंच नाही तर सगळंच राहील.

चाचा जुन्नरचे कागदी. हातानं कागद करणारं त्यांचं घराणं. गिरणीचा कागद येऊ लागला तसा त्यांचा धंदा बसत चालला होता, तरी घोडेगावच्या बाजाराला ते घोड्यावर गठ्ठे लादून यायचे. एकदा चढावर मी त्यांच्या घोड्याला मागं टाकलं. दुसऱ्या बाजारी त्यांनी मला थांबवून विचारलं, "तुज्या मागं कुनी लागलं व्हतं का रं?"

मी म्हटलं, "नाय."

"मग लागलं तर काय करशील, राव?"

बाजारातली माणसं हसली. मीही हसलो. तिथून चाचांनी मला धरलं ते धरलंच. जत्रांतल्या शर्यतींना न्यायला लागले. तिथं देवळाच्या पायरीला हात लावला की शर्यत संपायची. फेटा मिळायचा, नारळ मिळायचा, कुठं पितळेचा गडवा. हळूहळू अशी बोलवा झाली की डोंगरातला डाकवाला उतरला तर बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरासाठीच पळावं. सुट्टी मिळाली की मी जुन्नरला जायचो. चाचा मला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढउतार करायला लावायचे आणि घरी आलो की चाची खारकांचं दूध पुढं ठेवायची. दूध प्यायल्यावर पाटी. माझा 'क्ष' कधी सरळ आला नाही, त्यावरून चाची म्हणायची, "पाय सरळ पडत्यात, हात का वाकडा जातो?"

जुन्नरला कलेक्टर साहेबाचा डेरा पडायचा तेव्हा मोठी शर्यत व्हायची. घोडेगावातून निघायचं, डोंगर ओलांडायचा, मीना नदी उतरायची आणि जुन्नरच्या वेशीशी पोचायचं. पहिला येईल त्याला पुण्याच्या शर्यतीला पाठवणार, आणि पुण्यात जो चमकेल त्याला पळण्यासाठीच नोकरीत ठेवून घेतात, असं चाचांनी पक्कं विचारून आणलं होतं. म्हणजे पिशवी नाही, काठी नाही, नुसतं पळायचं. मला ते खरं वाटत नव्हतं, आणि दुसरं काही सुचतही नव्हतं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. प्लेगाच्या, पटकीच्या दिवसांत गावं वेस बांधायची. वाटेच्या दोन्ही बाजूंना मेढी रोवायच्या, त्यांना आडवी दोरी बांधायची, दोरीला लिंबाचा पाला. दोरीच्या आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. टपालवाल्यालाही सूट नव्हती. मी दोरीपाशी थांबायचो, पिशवी भुईला ठेवायचो आणि हाक मारून चार पावलं मागं सरायचो. आतून कुणीतरी येऊन काठीनं पिशवी ओढून घ्यायचं. एका गावी नव्या डाकवाल्यानं घाईत दोरी ओलांडली, तर गावानं त्याला बदडून पुन्हा बाहेर काढलं होतं. त्या वर्षी प्लेग ओसरून फार दिवस झाले नव्हते.

शर्यतीच्या दिवशी डोंगर चढतानाच बाकीचे मागं पडले. माझ्या मागं उरला तो एक पोलीस शिपाई. पुण्यातल्या परेडीच्या शर्यती त्यानं पाहिलेल्या होत्या. नदी उतरलो तेव्हा तोही दिसेनासा झाला. अंगात नुसता वारा भरला होता. तसं पळणं मला पुन्हा कधी जमलं नाही.

वेशीशी आलो. दोन्ही बाजूंना माणसं, आणि मधोमध, माझ्या छातीच्या उंचीला, दोरी. दोन मेढींना बांधलेली. कुणीतरी हौसेनं तिला पाला बांधून शोभा आणली होती.

मी थांबलो.

विचार करून थांबलो असं नाही. पाय आपणहून थांबले. खांद्यावर पिशवी नव्हती, तरी हात पिशवी उतरवायला गेला. चार पावलं मागं सरलो आणि हाक दिली, "टपाल!" लोक हात हलवत होते, ओरडत होते. गावात आजार आहे, म्हणून मला लांब राहायला सांगताहेत, असंच मला वाटलं. गर्दीत चाचा दिसले. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. तेवढ्यात माझ्या बाजूनं शिपाई आला आणि छातीनं दोरी तोडून पुढं गेला.

कारकुनानं शिपायाचं नाव पुकारलं. चाचा भांडले. पहिला कोण आला ते अख्ख्या गावानं पाहिलंय, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. कारकून म्हणाला, जो दोरी तोडतो तो पहिला, नियम नियम आहे. मग साहेबानं मला जवळ बोलावलं. कारकुनाकरवी विचारलं की थांबलास का. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

मला बोलता आलं नाही. प्लेगात वेशी बांधायचा हुकूम साहेबांच्याच कचेरीतून सुटायचा. एक वाक्य पुरलं असतं. चाचा मागून सांगत होते, "बोल की, पोरा, बोल." मी खाली बघत राहिलो. साहेबानं मला एक धोतरजोडी दिली, आणि शिपाई पुण्याला गेला.

घरी जाताना चाचा मला एक शब्दही लावून बोलले नाहीत. उलट वाटेत म्हणाले, "अरे, थांबला ते बरं केलं. आजार असता तर?" आणि स्वतःच हसले. त्या हसण्याचं मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा उतरलो. या वेळी दोरी माहीत होती, थांबायचं नाही हेही माहीत होतं, आणि तेच डोक्यात घेऊन घोडेगावातून सुटलो. सुरुवातीलाच इतका ताणून पळालो की डोंगराच्या माथ्यावर दम संपला. चौथा आलो. चाचा म्हणाले की काही बिघडलं नाही, तुझ्या पायांत अजून खूप वर्षं आहेत.

त्याच सुमारास त्यांच्या एका नातलगानं कराचीच्या बंदरात कामाची सोय करून दिली. तीही चाचांनीच शब्द टाकून. पण जहाजाला वेळ आहे, तिसरी शर्यत पळून जा, असं त्यांनी लई समजावलं. "पाय हायती तवर पळून घे. नोकरी काय कुटं पळून जाती?"

मला भीती वाटली. हरण्याची नव्हती ती. पुन्हा तिथं उभं राहून सगळ्यांनी माझ्याकडं बघण्याची होती. मी कराचीला आलो. दोन वेळचं जेवण, डोक्यावर छप्पर, आईला मनिऑर्डर, हे सगळं चाचांच्या एका शब्दावर मिळालं. त्यांनी मला जे जे दिलं ते मी घेतलं. त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती.

ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

त्यानंतरच्या थंडीत बंदरावर साहेब लोकांनी मजुरांची लांब पल्ल्याची शर्यत ठेवली. समुद्राच्या कडेनं जायचं आणि परत यायचं. आमचा मुकादम एकेकाला विचारत आला. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "काय रे दक्खनी, पळणार का?"

मी म्हटलं, मला पळता येत नाही.

त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं आणि शेजारच्याकडं वळला.