मुरलीशेठचं मानपत्र

मुरलीधर कधी रिकाम्या खुर्चीवर बसला नाही. समोर दहा खुर्च्या मोकळ्या असल्या तरी ज्या खुर्चीवर कोणी बसलेलं असेल, तीच त्याला हवी असायची. तो त्या माणसापुढे जाऊन उभा राहायचा आणि काही न बोलता बडीशेप चघळत बघत राहायचा. माणूस मुकाट उठायचा. मग मुरलीधर ऐसपैस बसायचा आणि त्यालाच विचारायचा, "उठला काहून बे? बस ना." माझ्या वडिलांच्या तेरवीला त्यानं माझ्या ऐंशीच्या घरातल्या मामांना असंच उठवलं. मामा भिंतीला टेकून उभे राहिले. आणि मी, त्या घरचा कर्ता माणूस, मुरलीधरसाठी चहा आणायला आत गेलो.

आम्ही सातवीपर्यंत एका वर्गात होतो. दुसऱ्याची वही घ्यायची, वरचं नाव खोडायचं आणि तिथं आपलं लिहायचं, हा त्याचा अभ्यास. गुरुजींनी पकडलं की तो इतका रडायचा, की शेवटी ज्याची वही त्यालाच दोन छड्या बसायच्या. रडण्याची ही विद्या त्यानं आयुष्यभर जपली. आठवीत शाळा सोडून तो संत्र्यांच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. मी पुढे डी.एड. करून गावातल्या शाळेत मराठीचा मास्तर झालो.

तो ट्रक गुलाबभाऊचा. मंगरूळपीरहून संत्री हैदराबादच्या बाजाराला जायची आणि परतताना रिकाम्या क्रेटखाली गांजा यायचा. गुलाबभाऊनं मुरलीधरला गाडी शिकवली, रस्ते दाखवले, घरी जेवू घातलं. गुलाबभाऊची बायको त्याला राखी बांधायची. तीन-चार वर्षांनी एका फेरीच्या वेळी मुरलीधरला एकाएकी ताप भरला, तो मागे राहिला आणि नेमकी तीच गाडी नाक्यावर अडवली गेली. पोलीस इकडेतिकडे न शोधता थेट तिसऱ्या रांगेतल्या क्रेटपाशी गेले, असं ड्रायव्हर लोक सांगत. गुलाबभाऊ तुरुंगात गेला. मुरलीधर त्याच्या दारात छाती बडवून रडला आणि महिनाभरात त्याची सगळी गिऱ्हाइकं याच्याकडे आली.

"गुलाबभाऊ माह्या बापासारखा," तो चारचौघांत म्हणायचा. "त्याचं काम कोणी तं पुढं न्याले पाह्यजे ना!"

ते काम त्यानं खरंच पुढे नेलं. गांज्याच्या जोडीला गोळ्या आल्या. पंधरा-वीस गावांत त्याची माणसं झाली. पानटपरी, ढाबा, गॅरेज, कुठेही त्याचं नाव घेतलं की पुडी मिळायची. कामरगावच्या बाजूला एकानं स्वतःचा वेगळा धंदा मांडला, तर आठवडाभरात त्याचे दोन्ही पाय मोडले. मुरलीधर सफरचंदं घेऊन दवाखान्यात त्याला बघायला गेला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवतानाचा फोटो काढवला आणि तो दिवसभर मोबाईलच्या स्टेटसवर ठेवला. तो स्वतः विडीसुद्धा ओढत नसे, आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. "मी कोणाच्या तोंडात कोंबून राह्यलो काय? ज्याले पाह्यजे तो येते," हे वाक्य तो इतक्यांदा म्हणायचा, की गावातले शहाणेही ते त्याच्या वतीनं म्हणू लागले.

मुरलीधरचा मुरलीशेठ झाला तो असा. गावाच्या तोंडाशी त्याच्या आजोबांच्या नावाची कमान उभी राहिली. ज्या आजोबांना त्यानं म्हातारपणी गोठ्यात झोपवलं होतं, त्यांची ही आठवण. उन्हाळ्यात त्याचे टँकर फिरू लागले, गणपतीत जेवणावळी उठू लागल्या. मग एका वर्षी त्यानं गावाला रुग्णवाहिका दिली. पांढरीशुभ्र गाडी, दोन्ही बाजूंना हात जोडलेला त्याचा फोटो. लोकार्पणाच्या दिवशी त्याचा सत्कार ठरला आणि मानपत्र लिहायचं काम मराठीचा मास्तर म्हणून माझ्याकडे आलं.

"मास्तर, जोरदार लिहिजो," तो म्हणाला. "वाचता वाचता लोकायच्या डोळ्यात पानी आलं पाह्यजे."

त्याचा धंदा काय आहे, हे मला माहीत होतं. कोणाला माहीत नव्हतं? तरी मी लिहिलं. 'दीनांचा आधार', 'करुणेचा वाहता झरा', 'या मातीचा निष्कलंक सुपुत्र'. मंडपात मी ते मोठ्यानं वाचलंही. मुरलीशेठनं रुमालानं डोळे पुसले. मला भीती वाटत होती म्हणून लिहिलं, असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. खरं तर टाळ्या पडल्यावर मला बरं वाटलं होतं.

त्या गाडीवर पहिला ड्रायव्हर लागला गजानन, आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाईंचा एकुलता एक मुलगा. चोवीस वर्षांचा, उंचापुरा, हसतमुख. वच्छलाबाईंना फार धन्य वाटलं. शाळेच्या नळावर भांडी घासताना समोर कमानीखाली ती गाडी दिसायची. "माहा गजा लोकायचे जीव वाचवून राह्यला, सर," त्या सांगायच्या. पेशंट सहसा नसायचे. गाडी सोमवारी सकाळी रिकामी जायची आणि मंगळवारी दुपारी सायरन वाजवत परत यायची. सायरनला कोणी अडवत नसे, हे मुरलीशेठच्या लक्षात आलं होतं, आणि दानधर्मामागचा सगळा विचार एवढाच होता. लांब पल्ल्यानं गजाननची पाठ धरू लागली, तेव्हा मुरलीशेठनं स्वतःच्या हातानं त्याला गोळी दिली. "घे, पाठ मोकळी होते." मग दोन दिल्या, मग गजानन मागू लागला. वर्षभरात त्याचे गाल बसले, हात थरथरू लागले आणि मुरलीशेठनं त्याला कामावरून काढून टाकलं. कारण सांगितलं, "नशा करते साला. माह्या गाडीवर असा मानूस नाही चालत."

एका दुपारी गजानन शाळेच्या फाटकापाशी कोसळला. तोंडातून फेस येत होता. वच्छलाबाई हातातला झारा टाकून धावल्या. मी कमानीकडे पळालो. गाडी उभी होती आणि मुरलीशेठ तिच्या सावलीत बसला होता.

"गजाननला मंगरूळले न्या लागते," मी म्हणालो. "चाबी दे."

"गाडी बिगडेल हाये."

"आत्ताच तं आली ना!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, बिगडेल हाये म्हनलं ना. समजत नाही काय तुले?"

मंगळवार होता. गाडी अजून रिकामी केलेली नव्हती. मला समजलं, आणि मी परत फिरलो. जीप मिळवण्यात पाऊण तास गेला. गजाननचं डोकं आईच्या मांडीवर होतं, दवाखाना दिसू लागला आणि त्याचा श्वास थांबला. जीपमध्ये वच्छलाबाई रडल्या नाहीत. त्या एकच विचारत होत्या, "सर, गाडी तं उभी होती ना? तुमी पाह्यली ना?"

तिसऱ्या दिवशी मुरलीशेठ गव्हाचं पोतं घेऊन त्यांच्या दारात आला. "माय, मीच तुहा पोरगा समज," म्हणून हुंदके देऊ लागला. वच्छलाबाईंनी ते पोतं ओढत रस्त्यावर नेलं, विळ्यानं फाडलं आणि त्याच्या पायांवर गहू ओतला. म्हणाल्या, "माहा पोरगा मेला. तू त्याच्या जाग्यावर यायच्या लायकीचा नाही." मुरलीशेठचं रडणं एका क्षणात थांबलं. कोरड्या डोळ्यांनी त्यानं इकडेतिकडे कोण बघतंय ते पाहिलं, चपलेतले दाणे झटकले आणि निघून गेला.

पंधरा दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "सर, वाशिमले मोठ्या सायबाकडं जातो. तुमी या संगं. तुमाले बोलता येते."

मी म्हणालो, सुट्टी नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि एकट्या गेल्या. बसनं मंगरूळ, तिथून वाशिम. पहिल्यांदा त्यांना बाकावर बसवून ठेवून परत पाठवलं. दुसऱ्यांदा कोणी तरी अर्ज लिहून आणा म्हणालं. त्या सहा वेळा गेल्या. सातव्या वेळी एका नव्या पोलीस अधिकारी बाईंनी त्यांना आत बोलावून पाणी दिलं. वच्छलाबाईंनी अर्ज वगैरे काही दिला नाही. नळावर बसून जे रोज पाहिलं होतं आणि नोकरी गेल्यावर गजाननच्या तोंडून जे ऐकलं होतं, तेवढं सांगितलं. गाडी कधी जाते, कधी येते, कोणत्या रस्त्यानं येते, माल स्ट्रेचरखाली कसा ठेवतात.

पुढच्या मंगळवारी शिरपूर जैनच्या फाट्यावर रुग्णवाहिका अडवली गेली. आत पेशंट होता, म्हणजे मुरलीशेठचा साळा. नाकापर्यंत चादर ओढून पडलेला, हाताला सलाईनची नळी चिकटपट्टीनं लावलेली. अधिकारी बाईंनी पट्टी ओढली. सुई नव्हतीच. चादर उचलल्यावर पेशंट धडधाकट उठून बसला आणि म्हणाला, "मॅडम, मले शेठनं झोपाले सांगतलं."

तासाभरात पोलीस गावात आले. 'वाघ' म्हणून ज्याचे बॅनर लागत होते, तो मुरलीशेठ गोठ्यामागच्या कुटाराच्या खोलीत भुशात गळ्यापर्यंत रुतून बसला होता. त्याला पकडून दिलं ते शिंकांनी. एकामागून एक सात-आठ शिंका आल्या आणि हवालदार हसतच दार उघडून आत गेले. बाहेर काढला तेव्हा केसांत, मिशीत, कानांत कुटार. सगळं गाव जमलं होतं. त्यानं हात जोडले आणि जुनी विद्या काढली, तो रडू लागला. या वेळी कोणाला अपराधी वाटलं नाही. जीपमध्ये बसायच्या आधीच तो आपल्या माणसांची नावं सांगू लागला. पहिलं नाव साळ्याचं, दुसरं सख्ख्या भावाचं. लिहिणाऱ्या हवालदाराला म्हणावं लागलं, "शेठ, जरा हळू."

खटला उभा राहिल्यावर त्याचा वकील माझ्याकडे आला. त्याच्या हातात काचेच्या चौकटीतलं मानपत्र होतं. "तुम्ही सरकारी शाळेतले शिक्षक. हे तुम्ही लिहिलंत, एवढंच कोर्टात सांगायचं. माणूस समाजात कसा होता, ते दिसेल." मी म्हणालो, "येतो."

मी कोर्टात गेलो. आरोपीच्या पिंजऱ्यातून मुरलीधर माझ्याकडे पाहून ओळखीचं हसला. वकिलानं मानपत्र पुढे केलं. "हे शब्द तुमचेच का?"

"माझेच."

"स्वखुशीनं लिहिले?"

"हो. मी लिहिलं ते सगळं खोटं आहे, आणि लिहिताना मला ते माहीत होतं."

वकील गडबडला. "पुरे," म्हणाला. पण सरकारी वकील उठले आणि मग मी त्या मंगळवारची दुपार सांगितली. गाडी उभी होती, चावी मागितली, त्यानं दिली नाही. मागच्या बाकावर वच्छलाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मुरलीधर पिंजऱ्यातून ओरडला, "मास्तर, एका वर्गातले ना बे आपून!" न्यायाधीशांनी त्याला गप्प बसवलं. परतताना बसमध्ये वच्छलाबाईंनी डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

त्याला मोठी शिक्षा झाली. तुरुंगातून तो गावातल्या लोकांना निरोप पाठवायचा. "मी नाही तं गावाले कोन पाहीन?" गावानं त्याच्यावाचून व्यवस्थित पाहून घेतलं. कमानीच्या खांबांना दोरी बांधून लोक कपडे वाळत घालू लागले. ज्यांनी त्याच्या पंक्तीत जिलेब्या खाल्ल्या होत्या तेही सांगू लागले, की आम्हाला तो पहिल्यापासून आवडत नव्हता. त्यांना हसायचा हक्क मला नाही.

तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच हृदयविकारानं गेला. प्रेत सकाळी आलं. त्याच्या बायकोनं, कमलनं, घरोघर निरोप धाडले. भाऊ आणि साळा तुरुंगात होते, आणि बाकीच्यांना एकाएकी शेतात कामं निघाली. दहा वाजले तरी दारात तीनच माणसं होती. मी शाळेच्या व्हरांड्यातून पाहत होतो. वच्छलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"सर, जा ना."

"वच्छलाबाई, तुमी म्हनता हे?"

"त्याच्यासाठी नाही म्हनून राह्यली मी. ती बाई तिरडीजवळ एकटी बसली हाये. मी बसली होती तशी. मले मालूम हाये ते."

मी गेलो. चौथा खांदा दिला. नाल्याकाठच्या स्मशानापर्यंत वाट लांबची होती, ऊन चढलं होतं आणि आमच्यापैकी कोणीही त्याच्याविषयी एक चांगला शब्द काढला नाही. शोधूनही सापडला नसता. चिता पेटल्यावर मला दुःख झालं नाही, समाधानही वाटलं नाही. फक्त एवढं जाणवलं, की हा आम्हा सगळ्यांपेक्षा काही वेगळा नव्हता, आम्ही वाट करून देत गेलो म्हणून मोठा झाला. हातपंपावर आंघोळ केली, ओल्या कपड्यांवरच कमलच्या दारात जाऊन तिला दोन घोट पाणी प्यायला लावलं आणि शाळेत परतलो. पाचवा तास माझा होता. मुलं उभी राहिली. मी म्हणालो, "बसा," आणि वह्या काढायला सांगितल्या.