दोन्ही बाजूंना नको असलेली बातमी

लिबी व्हावराने नवरा गेल्यावर 'हॅडली काउंटी हेरल्ड' विकून टाकावा, असं तिच्या दोन्ही मुलींचं मत होतं. नेब्रास्कातल्या आमच्या त्या लहानशा गावात साप्ताहिक चालवणं म्हणजे लग्नाच्या बातम्या, मक्याचे भाव, शाळेच्या फुटबॉलचे निकाल आणि मृत्युलेख. लिबीने मुलींचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कचेरीत येऊन बसली. मी तिच्याकडे जाहिराती घ्यायचे आणि पानं लावायचे. बाई उंच, हडकुळी. आवाज कधी चढायचा नाही, पण एकदा ठरवलं की हलायची नाही.

त्या वर्षी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीवरून गाव दुभंगलं होतं. वेड ऑस्ट्रँडर जुना शेरीफ, ग्लेन मिकुस त्याच्याविरुद्ध उभा. चर्चच्या जेवणातसुद्धा लोक आपापल्या बाजूच्या टेबलांवर बसायचे. अशात कुणीतरी मोबाइलवर काढलेली चित्रफीत फिरली. निवडणुकीची कचेरी असलेल्या कोर्टाच्या इमारतीमागे एक माणूस पोती ट्रकमध्ये टाकतोय आणि एका पोत्यातून मतपत्रिका बाहेर डोकावतायत. शेजारच्या गावच्या रेडिओवर डग पेटिट नावाचा गडी सकाळचा कार्यक्रम करायचा. त्याने सांगून टाकलं, मतं चोरीला चाललीत, ग्लेनची मतं.

दुपारपर्यंत आमचा फोन थांबेना. मतदान दीड आठवड्यावर होतं आणि त्याआधी आमचा एकच अंक निघणार होता. बियाण्यांच्या दुकानाचा मालक रॉय कचेरीत येऊन टेबलाला टेकून उभा राहिला.

"लिबी, सगळं जग बोलतंय आणि तुझंच तोंड शिवलंय होय? की वेडने शिवलं?"

"जग काय बोलतंय ते मलाही ऐकू येतं, रॉय," ती म्हणाली. "काय झालंय ते अजून कळलं नाही. कळलं की छापीन."

निवडणुकीचं काम बघणारी काउंटीची अधिकारी अर्लीन ही लिबीची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींच्या मुली एकत्र वाढल्या होत्या. लिबी तिच्याकडे गेली तेव्हा अर्लीनने हसून सांगितलं की त्या छपाईत बिघडलेल्या मतपत्रिका होत्या, नष्ट करायला पाठवल्या. दुसरी कुणी असती तर मैत्रिणीचा शब्द घेऊन परतली असती. लिबीने त्या बघायला मागितल्या. पोती अजून गेली नव्हती. अर्लीनने नाराजीने एक उघडलं. टपालाने पाठवायच्या मतपत्रिका होत्या, साउथ फोर्क भागाच्या. शेरीफपदाखाली फक्त वेडचं नाव होतं. ग्लेनचं नाव छापायचंच राहिलं होतं.

लिबीने विचारलं, यातल्या कुणाच्या घरी गेल्या का? अर्लीन म्हणाली, चूक वेळेत सापडली, नव्या छापून पाठवल्या. पण बोलताना ती पोत्याचं तोंड बांधत राहिली, वर बघितलं नाही.

शनिवारी लिबी गाडी काढून साउथ फोर्कला गेली. एकेका शेतावर थांबली. दोन ठिकाणी दारातूनच वाटेला लावलं, एका घरी कुत्रं अंगावर आलं. एमिल ट्रॉयन नावाच्या म्हाताऱ्याने मात्र तिला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. त्याची मतपत्रिका फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली होती. तिच्यावर ग्लेनचं नाव नव्हतं.

"मला वाटलं, गड्याने माघार घेतली," एमिल म्हणाला. "म्हटलं, मग मत देऊन तरी काय करायचं?"

त्या रस्त्यावर आणखी तीन घरांत तशाच मतपत्रिका निघाल्या. लिबी तिथून सरळ अर्लीनच्या घरी गेली. मी सोबत होते, गाडीतच बसले होते. दोघी अंगणात उभ्या राहिल्या. खिडकीची काच खाली होती, त्यामुळे ऐकू आलं.

"एक गठ्ठा गेला होता," अर्लीन म्हणाली. "थोडी घरं आहेत, लिबी. मतदान होऊ दे, मग छाप. आत्ता छापलंस तर त्या डगच्या हातात कोलीत देशील. लोकांचा निवडणुकीवरचा विश्वास उडेल."

"आणि एमिलचं मत?"

"एका मताने काय होणार आहे?"

"हे तू म्हणतेस? तू, अर्लीन?"

अर्लीन आत गेली आणि दार लावून घेतलं. परतीच्या वाटेवर लिबीने एकदा गाडी कडेला घेऊन डोळे पुसले आणि पुन्हा चालवायला लागली.

सोमवारी ओमाहाहून टीव्हीवाले आले. लिबीने कोर्टासमोर उभं राहून त्यांना सगळं नीट सांगितलं. चोरी झालेली नाही, पोत्यात बिघडलेल्या कोऱ्या मतपत्रिका होत्या. काही मात्र मतदारांकडे गेल्यात आणि ते त्यांना कळवलेलं नाही. संध्याकाळी बातमीत तिचं एकच वाक्य आलं, "मतपत्रिका सदोष होत्या." डगने ते वाक्य दुसऱ्या सकाळी रेडिओवर पुन्हा पुन्हा वाजवलं. लिबीने वाहिनीला फोन केला. वेळ कमी होता, असं उत्तर मिळालं.

"आपल्याकडे जागा आहे," ती मला म्हणाली. "पहिलं पान सगळं मोकळं कर."

मथळा तिने स्वतः लिहिला: 'मतं चोरीला गेलेली नाहीत. काही मतपत्रिका चुकल्या आणि ते लपवलं गेलं.' खाली अर्लीनचं नाव होतं, तिचं म्हणणंही शब्दशः होतं. आणि सगळ्यात वर, जाड अक्षरात, ज्यांच्या मतपत्रिकेवर शेरीफपदाखाली दोन नावं नाहीत त्यांनी कोर्टात येऊन नवी कशी मागायची, ते.

अंक निघाला आणि दोन्हीकडून दगड आले. ग्लेनची माणसं म्हणाली, चोरी झाकली. वेडची माणसं म्हणाली, आगीत तेल ओतलं. रॉयने जाहिरात बंद केली, ट्रॅक्टरवाल्यानेही. पण साउथ फोर्कचे लोक कोर्टात आले. एमिल नातवाच्या गाडीतून आला, नवी मतपत्रिका घेतली आणि तिथेच भरून दिली.

ग्लेन हरलाच. पुढे राज्याने चौकशी केली. त्यात छापलेल्यापेक्षा वेगळं काही निघालं नाही. डग त्याबद्दल कधी बोलला नाही. अर्लीनने वसंतात राजीनामा दिला. दुकानात लिबी दिसली की ती दुसऱ्या रांगेत वळायची. आमची पानं कमी झाली, पण अंक एकदाही चुकला नाही.

दोन हिवाळे गेले आणि अर्लीनचा नवरा वारला. मृत्युलेख लोक फोनवर सांगतात, अर्लीन मात्र स्वतः आली. मी उठत होते, लिबीने हाताने मला बसवलं आणि स्वतः कागद घेतला. अर्लीन सांगत गेली, लिबी प्रत्येक नावाची अक्षरं विचारून लिहीत गेली. शेवटी सगळं वाचून दाखवलं.

"बरोबर आहे," अर्लीन म्हणाली. "तू जसं असेल तसंच लिहितेस. म्हणूनच इथे आले."

लिबीने मान हलवली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. अर्लीन बसली.