बारा माणसं, सात घरं

ज्ञानेश कुठंही गेला की बसायच्या आधी वारा बघायचा. मोटारसायकल रस्त्याकडं तोंड करून लावायचा. टेरिकॉटचा शर्ट अंगाला लागू द्यायचा नाही. सुतीच घालायचा, उन्हाळ्यातही बाह्या मनगटापर्यंत. लग्नाच्या मांडवात शिरला तरी आधी विचारायचा, हितली विहीर कुठं हाय. चहा अर्धाच प्यायचा. बोलता बोलता थांबून नाकानं हवा ओढायचा, मग ‘काय न्हाय’ म्हणून पुढं बोलायला लागायचा.

विशालला हे सगळं पाठ होतं. आगीवर जाताना पाइपाच्या तोंडाशी ज्ञानेश असे आणि त्याच्या मागं विशाल. दुसऱ्यानं पुढच्याच्या पाठीकडं बघायचं, ती हलली की हलायचं. विशाल लोणी देवकरच्या एका कंपनीत पाळीनं कामाला होता. वय सव्वीस. आगीची त्याला भीती वाटायची, पण ती पाठ समोर असली की पाय चालत.

ज्ञानेशचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. गाव चारी बाजूंनी उसात. तालुक्याहून बंब निघून पोचायला वेळ लागतो आणि वाळलेलं पाचट तेवढी वाट बघत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानं खटपट करून एका कंपनीच्या सामाजिक निधीतून अनुदान मिळवलं आणि गावात आग विझवणाऱ्यांचं दल उभं केलं. ट्रॅक्टरला जोडायचा टँकर आला. पंप, पाइप, बारा जाड कोट, बारा हेल्मेट आली. बारा जणांचा विमा उतरवला.

अट एकच होती. तीन वर्षं बारा माणसं टिकली पाहिजेत. दर तीन महिन्यांनी कंपनीच्या राजलक्ष्मी मॅडम येऊन सराव बघायच्या, माणसं मोजायच्या. सलग दोनदा बाराच्या खाली आकडा गेला की टँकर दुसऱ्या गावाला.

पहिल्या वर्षी पोरं हौसेनं आली. दुसऱ्या वर्षी एक पुण्याला गेला, एकाचं लग्न झालं, एकाला रात्रपाळी लागली. नऊ उरले. डिसेंबरात मॅडमनी नऊच मोजले. ‘पुढच्या वेळी बारा हवेत हं,’ एवढंच म्हणाल्या.

ज्ञानेश माणसं शोधत फिरू लागला. विशाल मागं बसून जायचा. हिंदुराव तात्यांच्या ओट्यावर त्यांचा मुलगा राम बसला होता.

“दलात येऊन मला काय?” राम म्हणाला.

“कोट मिळंल.”

“मार्चात त्यो कोट घालून कुणाच्या वरातीत नाचू?”

तात्या हसले नाहीत. सुपारी कातरत म्हणाले, “ज्ञाना, आमचा ऊस अठरा म्हयन्याचा झालाय. तोडायला टोळी आमच्याकडं येत न्हाय. तुजा टँकर बांधाला उभा ऱ्हात असंल तर रामचं नाव लिव.”

काय म्हणायचंय ते तिघांनाही कळलं. टोळी येईना झाली की काही जण स्वतःच आपला ऊस पेटवतात. जळीत ऊस कारखान्याला आधी न्यावा लागतो. दरात थोडी कपात होते, पण उसाचा फड मोकळा होतो. फक्त आग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उसात जायची धास्ती असते. टँकर उभा असला की ती धास्तीही जाते.

ज्ञानेशनं खिशातून पेन काढून रामचं नाव लिहिलं.

बातमी पसरली. त्याच बोलीवर आणखी दोघं आले. बारा भरले. परतताना ज्ञानेश म्हणाला, “आग इझवायला दल काढलं, विशाल. आता लावताना राखण करायची.” विशालनं विचारलं, मग ‘नाही’ का म्हटलं नाहीस, दादा?

फेब्रुवारीत एका दुपारी तात्यांचा ऊस पेटवला. टँकर बांधावर होता, बाराही जण कोट घालून उभे होते. काही वेळ सगळं ठरल्यासारखं चाललं. मग वारं फिरलं. उसाचा आवाज बदलला. फटाके वाजावेत तसा तडतडत जाळ बांधावरून पलीकडच्या फडात उतरला. आणि त्या फडातून बाईची हाक आली.

ज्ञानेश शिरला. विशालनं त्याच्या मागं पाइप धरून जायचं होतं. तो दहा पावलं गेला. धुरात ती पाठ दिसेनाशी झाली आणि त्याचे पाय जागच्या जागी थांबले. मागून राम ओरडत होता, पाणी सोडा, पाणी सोडा. विशालला हात हलवता येईना. तोंडात राखेची चव होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग धुरातून ज्ञानेश आला. त्यानं एका बाईला काखेत धरून ओढत आणलं होतं.

बानूबाई, ओढ्याकडं उतरलेल्या तोडणीच्या टोळीतली. शेळीला गवत कापायला शिरली होती. केस पुढून जळाले होते, भुवया नव्हत्या. पाणी पिऊन ती म्हणाली, “टँकर बघून वाटलं, उसाला पाणी द्येत्यात. आमाला कुणी सांगितलं न्हाय.”

कुणी सांगितलं नव्हतं हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेशनं दलातल्या सगळ्यांना बोलावलं. ऊस पेटवायला टँकर यापुढं उभा राहणार नाही, म्हणाला.

राम म्हणाला, “मग माजं नाव काट.”

“काटीन. पर आदी तुज्या घरात इचारीन.”

“घरात काय इचारायचं?”

“मी तुमची नावं लिवली, घरात कुणालाच इचारलं न्हाय. आता बाराही घरात इचारणार, माज्याबी. फडात काय व्हतं ते खरं सांगणार. त्येच्यावर व्हय म्हणतील त्येवढी माणसं ऱ्हातील. टँकर गेला तर गेला.”

ऐतवारी दादा येणार, असं विशालनं घरी सांगितलं. त्याची आई चंद्राबाई भाकरी थापत होती. विम्याचा कागद घरी आला तेव्हा ती म्हणाली होती, “ह्यो कुणाच्या उपेगाचा ते मला ठावं हाय,” आणि तो तिनं तांदळाच्या डब्याखाली सरकवून ठेवला होता. आता ती नुसती म्हणाली, “यिऊ दे की. बसंल, च्या घील.” पण ऐतवारी सकाळी तिनं ओटा सारवला.

ज्ञानेश सकाळी आठला निघाला. रामचं घर पहिलं घेतलं. तिथं रामची बायको संजीवनी नाही म्हणाली. रामनं मान खाली घातली. त्याला बरं वाटलं की वाईट, कुणाला कळलं नाही. दुसऱ्या घरी होय. तिसऱ्या घरी म्हातारी रडली आणि होय म्हणाली. दुपारपर्यंत सात घरं झाली. आठवं विशालचं. चंद्राबाईनं आधण ठेवलं होतं.

तेव्हा ओढ्याच्या अंगाला धूर दिसला. कुणीतरी न सांगता ऊस पेटवला होता. सांगितलं असतं तरी टँकर मिळाला नसता.

ज्ञानेश सातव्या घराच्या दारात होता. धुराला सगळ्यांत जवळ तोच. विशालला त्याचा फोन आला: “टँकर काढ. तिकडं टोळीच्या कोप्या हायती. मी म्होरं जाऊन माणसं काढतो.” विशाल म्हणाला, दादा, थांब, आम्ही येतोय. फोन बंद झाला होता.

ट्रॅक्टर जोडून पोचायला वीस मिनिटं लागली. पाचटानं शाकारलेल्या कोप्या रिकाम्या होत्या. टोळीतली माणसं ओढ्याच्या पात्रात उभी होती, पोरं कडेवर. एक बाई फडाकडं बोट दाखवत होती. शेवटच्या कोपीतल्या म्हाताऱ्याला शोधायला तो गेला, ती म्हणाली. म्हातारा तर आमच्यातच हाय.

या वेळी विशाल पाइप धरून पुढं होता. समोर कुणाची पाठ नव्हती.

ज्ञानेश त्यांना फडाच्या मधोमध सापडला.

चौदाव्यानंतर राजलक्ष्मी मॅडम आल्या. त्यांनी माणसं मोजली नाहीत. टँकर तूर्त इथंच राहू दे म्हणाल्या आणि जाताना विचारलं, आता कोण कोण आहे दलात? सात घरांनी ज्ञानेशला उत्तर दिलं होतं. पाच घरांना कुणी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी विशालनं आईला विचारलं, “दादा आला असता तर तू काय म्हणाली असतीस?”

चंद्राबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“त्येनं इचारायचं व्हतं,” ती म्हणाली. “तुला न्हाय सांगायची.”