गाडीतली हवा बदलण्याचा खर्च

पहिल्यांदा वास आला तेव्हा आम्ही पारोळ्याच्या अलीकडे होतो. नाना, म्हणजे माझे सासरे, शेजारच्या सीटवर बसले होते. काचा बंद, एसी सुरू. त्यांनी गळ्यातलं उपरणं हळूच नाकाशी नेलं आणि ते बाहेर बघत राहिले. रस्त्याकडेला काही मेलं असेल असं मला वाटलं. पण दोन गावं मागे पडली तरी वास आमच्याबरोबरच.

"गाडीमा काहीतरी मरेल शे," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

हिवाळ्यापासून त्यांचा दम वाढला होता. सोनगीरच्या पुढे त्यांचं गाव आहे. तिथल्या घरात ते आणि त्यांची विधवा बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, एवढेच राहतात. माझा नवरा नोकरीसाठी सुरतेला, मी जळगावात शाळेत शिकवते. थंडीत दम फारच उसळला तेव्हा मीच जाऊन नानांना जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. डॉक्टर मात्र त्यांना धुळ्याचाच हवा होता. त्यामुळे तपासणीची तारीख आली की मी त्यांना गाडीत बसवून धुळ्याला न्यायची आणि तसंच पुढे गावाला. रात्र घरी काढली की ते गुमान परत यायला तयार होत.

डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. धूळ टाळा, गाडीची काच उघडू नका. मी ते इतकं मनावर घेतलं की नानांचा हात काचेच्या बटणाकडे गेला तरी माझं स्टिअरिंग हलायचं.

गाडी बॅटरीवरची. नवऱ्याने हौसेने घेतली, चालवते मी. तिला इंजिनाचा आवाज नाही याचं लोकांना कौतुक वाटतं, मला त्याचाच त्रास व्हायचा. दुसऱ्या गाडीत जे दबून गेलं असतं ते सगळं हिच्यात ऐकू यायचं. नानांच्या छातीतली बारीक शिट्टी, श्वास सोडताना होणारी घरघर, मधेच एखादा श्वास उशिरा आला की पडणारी ती पोकळी. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवायची आणि कानाने त्यांचे श्वास मोजायची. धुळे येईपर्यंत माझेच खांदे दगड झालेले असत.

आणि आता हा वास. शिवाय एसीची हवाही पूर्वीसारखी जोरात येईना. काच लावली तर वास, उघडली तर धूळ.

त्याच दिवशी दवाखान्यातून निघाल्यावर मी गाडी धुळ्याच्या सर्व्हिस सेंटरला नेली. टॅबलेट घेतलेल्या मुलीने नाक मुरडत डोकं आत घातलं, पंखा कमीजास्त करून बघितला आणि म्हणाली, "केबिन फिल्टर चोक झालाय, मॅडम. आतली हवा गाळतो तो, बदलावा लागेल."

"किती खर्च येईल?"

फिल्टर अकराशेचा, मग मजुरी, मग एसीची आतून सफाई, मग जंतुनाशक फवारा आणि वर कर. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या वर आकडा गेला. नुसता फिल्टर बदलून द्या म्हटलं तर आधी सफाई केल्याशिवाय वास जाण्याची खात्री देता येणार नाही, असं ती म्हणाली. फिल्टर पुढच्या आठवड्यात येणार होता.

मला पैशापेक्षा तो पुढचा आठवडा खुपला. आज नानांना याच हवेत गावापर्यंत न्यायचं, उद्या याच हवेत जळगावला. मी बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. "करून टाक ना," तो सुरतेहून सहज म्हणाला. त्याच्या त्या सहजपणाने मी आणखी चिडले.

नाना वेटिंग रूममध्ये बसले नव्हते. बाहेर लिंबाच्या सावलीत उभे होते. "किती सांगं?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला.

"हवाना बी पैसा लागतस का आते?" ते म्हणाले. चेष्टा नव्हती, खरंच विचारत होते. मी काम न सांगताच गाडी काढली.

जळगावला परतल्यावर मी स्पेअर पार्टच्या दुकानातून फिल्टर आणला. सहाशेला मिळाला. मोबाइलवर व्हिडिओ बघितला, त्यातला माणूस बोलता बोलता फिल्टर बदलत होता. रविवारी सकाळी गाडीचा डावा दरवाजा उघडला आणि समोरचा कप्पा सोडवायला बसले. नानांनी खाली खुर्ची मागवली आणि बघत बसले.

कप्पा निघाला. त्याच्या मागचं झाकणही निघालं. फिल्टर ओढला तर तो अडकला. जोर लावल्यावर तो निम्मा बाहेर आला आणि त्याच्यासोबत कापसाचा एक भला मोठा गोळा माझ्या मांडीवर पडला.

कापूस नानांच्या घरचा होता हे बघताक्षणी कळलं. गावाला गाडी उभी राहायची ती कापसाच्या खोलीला लागूनच. त्यात शेंगांची टरफलं होती, नानांच्या गोळ्यांच्या पाकिटाचे चंदेरी तुकडे होते, काळ्या लेंड्या होत्या. फिल्टरच्या घड्या कुरतडून चाळण झाली होती. आणि कापसाच्या मधोमध गुलाबी, डोळे न उघडलेली उंदराची पिल्लं होती. त्यातलं एक मेलेलं, बाकीची वळवळत होती.

नाना खुर्चीतून उठून जवळ आले. खाली वाकले. त्यांचा चेहरा त्या गोळ्याच्या इतका जवळ गेला की मला पुढचं काही दिसेनासं झालं. हीच हवा मी त्यांना इतके दिवस काचा बंद करून पाजत होते.

"नाना, मागे व्हा!" मी ओरडले. "तोंड झाका! लांब व्हा म्हणते ना!"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, नानांवर मी आवाज चढवला नव्हता. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून कुणीतरी वाकून बघितलं. नाना सरळ उभे राहिले, उपरण्याने तोंड झाकलं आणि दोन पावलं मागे सरकले.

मी हातमोजे घातले, नाकाला ओढणी बांधली. पिल्लं कचऱ्यात टाकायला निघाले तेव्हा उपरण्याआडून त्यांचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे घटकाभर. त्यासनी माय येई लेवाले."

शेतात, घरात उंदरांना आयुष्यभर औषध घालणारा माणूस हे म्हणत होता. मी गोळा कंपाउंडच्या भिंतीशी ठेवला. नाना वर निघून गेले. दुपारी मी बघितलं तर तिथे नुसता कापूस होता. पिल्लं आईने नेली की मांजराने, कोण जाणे. मी नानांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

आतला सगळा भाग मी पुसून काढला आणि नवा फिल्टर बसवला. त्याच्यावर बाण होता, तो वर ठेवायचा की खाली यावर बराच वेळ घुटमळले. संध्याकाळी पंखा लावून एकटीच गाडीत बसले. वास खूप कमी झाला होता, पण पंखा मधेच खरखर करत होता. होईल कमी, असं स्वतःला समजावलं. त्या आठवड्यात शाळेत तास घेताना मधेच माझं वाक्य तुटायचं आणि मुली बघत राहायच्या.

पुढच्या तपासणीला निघालो तेव्हा ऊन कडक झालं होतं. एरंडोल मागे टाकलं आणि पंखा एकदम बंद पडला. बटणं दाबली, गाडी बंद करून चालू केली, काही नाही. बंद काचेच्या गाडीत भट्टी झाली. शेवटी मीच काचा खाली केल्या. पुढे केळीने भरलेला ट्रक होता, त्याच्या चाकांमागे उडणारी सगळी धूळ आत आली.

नानांना ढास लागली. खोकता खोकता ते पुढे वाकले, हात डॅशबोर्डवर टेकले, श्वास आत जाईना. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, एका बाभळीखाली. दम्याचा पंप त्यांच्या तोंडाशी धरला. घाईत पहिला फवारा गालावरच गेला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, पंप स्वतःच तोंडात नीट बसवला आणि श्वास ओढला. मग थांबून आणखी एकदा.

हळूहळू छातीतली घरघर उतरली. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"तू रडू नको, माय."

"मी रडत नाहीये," मी रडत म्हटलं. "त्या दिवशी साडेतीन हजार भरले असते तर..."

"ते सोड." त्यांनी हात हलवला. "मन्हा दम शेच. औषध घेस मी, कमी व्हस, परत येस. पण मन्हापेक्षा तुन्हाच जीव जास्ती वरखाल व्हस. तू मन्हा श्वास मोजस, माले समजत नही का?"

मी बाटलीचं झाकण लावलं.

"मी खोकलू नको म्हनीसन दाबी बसस. तुन्हा घर बी, गाडीमा बी. माले आते मन्हा घर ऱ्हाऊ दे."

म्हणजे माझ्या भीतीने ते खोकलाही अडवून धरत होते. आम्ही दोघं त्या बंद काचांच्या आत एकमेकांना जपत जपत गुदमरत होतो. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारू." ते म्हणाले, "इचार."

उरलेला रस्ता उपरणं ओलं करून त्यांच्या नाकाला बांधलं आणि हळूहळू धुळे गाठलं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती तपासली. उंदरांचं सगळं मी एका दमात सांगितलं. त्यांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला, रक्त तपासलं. नवं काही निघालं नाही. दमा मागच्या वेळेपेक्षा थोडा कमीच होता. गावाला राहायला हरकत नाही म्हणाले, पण कापसाची खोली आधी रिकामी करा आणि पंप जवळ ठेवा.

सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं, उंदराने पंख्याच्या वायरी कुरतडल्या होत्या. उंदरांचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं त्याच मुलीने थोडं ओशाळून सांगितलं. या वेळी मी घासाघीस केली नाही. गाडी तिथेच सोडली आणि नानांना एसटीने गावाला नेलं. खिडकीशी बसून ते मनसोक्त खोकले, अधूनमधून शेजारच्या माणसाशी पावसापाण्याचं बोलले.

अक्का दारातच उभ्या होत्या. आम्ही तिघांनी मिळून, नानांना ओट्यावर बसवून, दुसऱ्या दिवशी कापसाची खोली झाडून काढली. म्हणजे झाडली अक्कांनी आणि मी, नाना लांबून हुकूम सोडत होते.

आता ते तिथेच असतात. मी महिन्यातून दोनदा जाते. सकाळी फोन करते तेव्हा पहिली काही वाक्यं मी ऐकतच नाही, नुसता त्यांचा श्वास ऐकते. त्यांना ते कळतं. मग ते मुद्दाम मोठ्याने खाकरतात आणि म्हणतात, "ऐक, मी शे आठे. आते बोल."