गार हवेची खोटी खबर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजमधल्या कुणाला नाही. एकदा घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात हात जोडून उभा राहिलो, तेव्हा तिथंही नाही. देवाला माहीतच असेल म्हणालो आणि निघालो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

लोणावळ्यात जुन्या हायवेला माझं गॅरेज आहे. विलास माझा मित्र. मूळचा परंदवडीचा, इकडं येऊन मुंबईवाल्यांचे बंगले सांभाळायचा. त्याची बायको शुभांगीवहिनी खोपोलीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. दोघांत एक जुनी पेट्रोल गाडी. विलासची तिच्याबद्दल एकच तक्रार – "घाट आला का म्हशीवानी चालती रं. कायतरी कर की."

आणि मी केलं.

काय केलं ते सांगतो, अवघड नाही. इंजिनात हवा जिथून आत शिरते तिथं बोटभर लांबीचा एक सेन्सर असतो. हवा किती तापली आहे हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. हवा गार असली की कॉम्प्युटर पेट्रोल जरा जास्त सोडतो, ठिणगी जरा लवकर पाडतो, आणि गाडी चपळ पळते. हवा तापलेली असली की तो ठिणगी मागं घेतो. नाही घेतली तर? तर ठिणगीची आग पोचायच्या आत उरलेलं पेट्रोल आपोआप भडकतं आणि इंजिनातून आवाज येतो. ठक, ठक, ठक. कुणीतरी आतून बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा. आम्ही त्याला नॉकिंग म्हणतो.

मी त्या सेन्सरच्या वायरी तोडून तिथं तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा तुकडा, जोडला. तेव्हापासून कॉम्प्युटरला कायम एकच खबर – हवा गार आहे. बाहेर वैशाख पेटलेला असला तरी स्कॅनरच्या स्क्रीनवर थंडीतली सकाळ. नव्या गाड्यांत ठकठक ऐकून स्वतःला सावरणारा आणखी एक सेन्सर असतो, या गाडीत तो नव्हता. विलास खूश झाला. थंडीत सगळं ठीक चाललं. उन्हाळ्याचा विचार – खरं सांगू? केला होता. बघू म्हणालो.

एप्रिलमधल्या एका दुपारी विलास खोपोलीहून एकटाच वर येत होता. वहिनींना परीक्षेमुळं शाळेत थांबावं लागलं होतं. शिंगरोबाच्या देवळाच्या वरच्या अंगाला एक वळण आहे, तिथं ट्रक अडकतात. त्या वळणावर एका ट्रकवाल्याला तो कठड्याला टेकून बसलेला सापडला. गेलेला. गाडीचं बोनेट उघडं होतं.

हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. लोक म्हणाले, गाडी तापली असेल. मी गाडी आणायला गेलो तेव्हा रेडिएटर पाण्यानं भरलेला होता आणि गाडी चालू केली तरी तापमानाचा काटा जागेवर. मग त्यानं बोनेट का उघडलं? भर उन्हात, छातीत दुखत असताना, तो वाकून काय ऐकत होता? याचं उत्तर मला माहीत आहे असं मला वाटतं. नक्की माहीत नाही. आणि कधी कळणार नाही.

वहिनी पुन्हा शाळेत जायला लागल्या, त्याच गाडीनं. ऊन अजून तसंच होतं. थोड्याच दिवसांत त्या गॅरेजला आल्या.

"भावजी, वळणावर इंजिनातून ठकठक येते. तिथंच येते. बाकी कुठं नाही."

का तिथंच? कारण ट्रकमागं गाडी थांबते, बोनेटखाली हवा तापत जाते आणि मग पहिल्या गिअरात चढावर जोर लावावा लागतो. हे मी एका दमात सांगू शकलो असतो. पण मी गाडी माझ्या गार शेडमध्ये चालू केली, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणालो, "काही नाही वहिनी. ते वळणच तसलं आहे आता तुमच्यासाठी. मनाला वाटतं."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मला भूत वाटत नाही भावजी. मला इंजिनाचा आवाज वाटतो."

बघा – त्यांचं बरोबर होतं. सगळ्या घरात त्या एकट्याच सरळ विचार करत होत्या. विलासची आई गावाहून आली होती, तिनं ऐकल्यावर पदर तोंडाला लावला. "त्यो तितंच हाय. पोराला शेवटी पानी न्हाई मिळालं. आत येऊ द्या म्हंतोय." वहिनी चिडल्या. पुढच्या आठवड्यात गाडी पुण्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दाखवते, म्हणाल्या.

तिथं कुणीही पाच मिनिटांत ती वायर बघितली असती. मग? मित्राच्या गाडीत कुणी हात घातला होता, ते सगळ्या मावळाला कळलं असतं.

मी म्हणालो, एकदा माझ्याकडं ठेवून जा. त्यांनी ठेवली. त्याच दिवशी सासूबाई त्यांना हट्टानं वळणावर घेऊन गेल्या, दहीभात आणि नारळ ठेवायला. त्या गेल्या आहेत हे मला ठाऊक होतं. त्या तिकडं उभ्या असताना मी इकडं रेझिस्टर काढला, जुना सेन्सर जोडला, वायरींवर टेप गुंडाळून धूळ चोळली.

दुसऱ्या दिवशी वळणावर काही वाजलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी सरळ माझ्याकडं आल्या. चेहरा उतरलेला.

"नारळ ठेवल्यापासून आवाज नाही. तुम्ही काही केलंत का? काहीही? आठवून सांगा."

तुम्हाला कळतंय ना, त्या काय मागत होत्या? मी फक्त हो म्हणायचं होतं. वायर सैल होती म्हणालो असतो, तरी चाललं असतं. एक छोटं खोटं बोललो असतो तरी त्या वाचल्या असत्या.

मी म्हणालो, "न्हाई वहिनी. बोनेटला हात लावायला वेळच न्हाई झाला."

त्या बाकावर बसल्या. मग गाडीची किल्ली उचलून गेल्या. माणसाच्या आत काहीतरी मोडतं तेव्हा आवाज होत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं.

पुढं त्या प्रत्येक अमावास्येला वळणावर नारळ ठेवायला लागल्या. शाळेतून येताना तिथं गाडी बाजूला घेऊन काच खाली करून बसायच्या. ट्रकवाले ओळखायला लागले. पुढचा उन्हाळा आला तेव्हा त्या पुन्हा पुन्हा गॅरेजला येऊन बसायला लागल्या. खूप वाळल्या होत्या.

"आपणच त्यांना घालवलं भावजी. ते बोलत होते आणि मी इंजिन इंजिन करत बसले. आता येतच नाहीत."

मी सर्व्हिसिंगला म्हणून गाडी ठेवून घेतली. आणि रेझिस्टर परत जोडला.

दया आली म्हणून? मी स्वतःला तसंच सांगितलं होतं. पण त्या माझ्यासमोर येऊन बसायच्या, ते मला सहन होत नव्हतं. हे जास्त खरं आहे.

एकदा त्यांच्याबरोबर मला घाट चढावा लागला. टळटळीत दुपार, कठड्यावर माकडं बसलेली, पुढं ट्रक. गाडी थांबली, तापली. ट्रक हलला. वहिनी हळू आवाजात विलासला सांगायला लागल्या – आज शाळेत काय झालं, आईंचा गुडघा, पावसाआधी छपराला लावायचा प्लास्टिकचा कागद. मध्ये थांबायच्या. थांबल्या की ॲक्सिलरेटरवर पाय दाबला जायचा आणि इंजिन वाजायचं. ठक, ठक. मग त्या हसून पुढं बोलायच्या. पाय कुणाचा, तार कुणाची, हवा किती गरम, सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला आणि मी मागच्या सीटकडं बघितलं नाही.

ठकठक इंजिनाला खाते. प्रत्येक ठोक्याला पिस्टन थोडा झिजतो, पातळ होतो. मी कधी थांबवणार होतो? थंडी आली की, असं ठरवलं. थंडी आली, गेली. त्या खूश दिसत होत्या. मी काढला नाही.

मेमध्ये त्यांचा फोन आला. वळणावर जोरात आवाज झाला, निळा धूर आला आणि गाडी बंद पडली. मी पोचलो तेव्हा मागं वाहनांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. एक टँकर त्यांच्या डिकीपासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला होता. वहिनींना त्याचं काही नव्हतं. त्या बोनेटवर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. पत्रा चटका बसेल इतका तापलेला.

मी त्यांचे हात बाजूला केले. तळवे लाल झाले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांत दिसली नव्हती अशी शांतता.

"ह्या वेळेला मी जवळ होते ना, भावजी?"

मी व्हय म्हणालो. मग फोन काढला आणि गाडी ओढून न्यायला टोचनवाला बोलावला.