वेगळ्या कप्प्यातली वस्ती

वस्तीसमोरून न थांबता निघून गेलेला तो टँकर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, दुष्काळ होता आणि मी लोहाऱ्याकडच्या भागात नवा फौजदार होतो. कॉलेजात चळवळीची पत्रकं वाटून पोलीस खात्यात आलेला. अन्याय दिसला की गप्प बसणं जमत नसे.

टँकर सहकारी साखर कारखान्याचे. कुठं किती खेपा, याच्या चिठ्ठ्या रोज सकाळी तिथला नवा काँप्युटर छापायचा. चिठ्ठी नाही, तर पाणी नाही. आणि आदल्या दिवसापासून एकाही बौद्ध वस्तीची चिठ्ठी निघाली नव्हती.

खबर एका जीपवाल्यानं आणली. "सायेब, ऑपरेटर चेअरमनचा भाचा हाय. त्यानंच वस्त्या उडवल्या. आज पाणी न्हाय आलं तर आमच्या गावच्या आडावर वस्तीतल्या बाया जाणार, आन् तिथं त्यास्नी अडवायला माणसं काठ्या घेऊन बसल्यात."

होते तेवढे शिपाई आडावर धाडले आणि मी कारखाना गाठला.

ऑपरेटर घामानं भिजला होता. दम दिला तरी एकच सांगत राहिला, मी फक्त पत्ते बदलले. खेपांच्या फाईली त्यानं नव्या डिस्कवर हलवल्या होत्या; डिस्कवर त्या कप्प्याकप्प्यांत असायच्या. चिठ्ठ्या छापणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशीनसाठी लिहिलेल्या हुकमांत, त्या फाईलींचे जुने पत्ते होते. एकेक बदलायचा कंटाळा, म्हणून त्यानं एकच हुकूम सोडला: 'जुनी डिस्क, गावांचा कप्पा' असा नमुना दिसेल तिथं नव्या डिस्कचा पत्ता घाल.

स्क्रिप्ट छापून घेतली आणि ओळींवरून बोट फिरवत गेलो. गावांचे पत्ते बदललेले. वस्त्यांचे जुनेच. जुन्या जागी फाईल नाही, म्हणून मशीन मुकाट पुढच्या ओळीवर गेलेलं.

"वस्ती गावांच्या कप्प्यात का नाही?"

"वस्त्यांचा कप्पा येगळाच हाय, सायेब. पयल्यापासनं. गावात कुठं धरत्यात वस्ती?"

हे तो इतक्या सहज बोलला, की मुद्दाम केलेलं नाही याची तिथंच खात्री पटली. संताप मात्र दुप्पट झाला.

त्यानं नमुना सुधारला, चिठ्ठ्या निघाल्या. पहिल्या टँकरमध्ये मी स्वतः बसलो. जीपवाल्याच्या गावी पोचलो तेव्हा वस्तीतल्या बाया घागरी घेऊन आडाची वाट चालू लागल्या होत्या. टँकर बघून थांबल्या. मशीनची चूक झाली, असं मी सांगितलं. पुढच्या म्हातारीनं घागर खाली ठेवली.

"आमी गावाच्या भाईर हाव, हे मशीनला कुणी सांगितलं, सायेब?"

टँकर रिकामा झाला तसा मी त्यातूनच कारखान्यावर परतलो.

वस्त्या गावांच्याच कप्प्यात घाला, असं चेअरमनना सांगितलं. ते हसले. "दुष्काळ सरू द्या, सायेब. मग बघू."

भाच्याला सोडून दिलं. वेगळा कप्पा करणाऱ्यांवर लावायला माझ्याकडं कलम नव्हतं. तपासात आपण हात कुणाचा, एवढंच शोधतो. इथं हात सापडला, तोही घामानं भिजलेला. ज्यांनी वस्ती बाहेर ठेवली, त्यांना घामही फुटला नव्हता. पुढं बदली होईल त्या ठाण्यात हजर झालो की मी पहिल्याच दिवशी विचारायचो, इथं वस्तीला पाणी कुठून येतं? लोकांना हा प्रश्न पोलिसाचा वाटत नसे. तो पोलिसाचाच आहे.